एकाहत्तरावा सीन कुणाचा

परशा,

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं हवीत, असा मला निरोप आला होता. जन्म, शिक्षण, लिहिलेल्या मालिका, मिळालेले पुरस्कार. मी त्यांना सुमनवहिनींचा नंबर दिला आणि मोकळी झाले. तुझी जन्मतारीख मला माहीतच नाही. चौदा वर्षं आपण एकत्र पटकथा लिहिल्या, पण तुझा वाढदिवस कधी असतो हे मी कधी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. पुरस्कार म्हणशील तर एकच, तोही कारखान्यातल्या सुरक्षिततेवरच्या माहितीपटाला. त्याचं स्मृतिचिन्ह तू दार आपटू नये म्हणून खाली लावून ठेवायचास.

तेव्हा हे मंडळासाठी नाही. तुझ्यासाठीच आहे, म्हणजे खरं तर कुणासाठीच नाही. तू गेलास तेव्हा मी रडेन असं सगळ्यांना वाटत होतं. वहिनींच्या भावानं माझ्या हातात पाण्याचा ग्लाससुद्धा आणून दिला. मी पाणी प्यायले आणि ग्लास धुऊन ठेवला. मी कोरडी आहे असं तू म्हणायचास, मी नाही म्हणायची. त्यात तुझंच बरोबर निघालं. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, आपल्या सिनेमाच्या शेवटच्या सीनबद्दल.

पण त्याआधी थोडं मागचं. आपली पहिली गाठ मल्लेश्वरमच्या त्या दर्शिनी हॉटेलात पडली, उभ्यानं खायच्या टेबलापाशी. कन्नड मालिकेचं मराठी करायचं काम होतं आणि निर्मात्याला एक निपाणीकडचा, दोन्ही भाषांचा माणूस हवा होता आणि एक पुण्याकडची, शुद्धलेखनाची बाई. तू कॉफी बाय-टू सांगितलीस, मला न विचारता. अर्धा पेला माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालास, "घे अक्का." मी तुझ्याहून चार वर्षांनी लहान. तसं सांगितल्यावर म्हणालास, "वयाचं काय घेऊन बसलीस? आमच्यात मोठ्या आवाजाच्या बाईला अक्काच म्हणतात." मी चिडले. आणि मग बेळ्ळंदूरहून बस आणि मेट्रो करत आठवड्यातून तीनदा तिथं येत राहिले.

कामाची वाटणी आपोआप झाली. तू वहीत लिहायचास, मी टाइप करायची आणि टाइप करता करता कापायची. तू म्हणायचास, मी कापते तेव्हा माझ्या चेहऱ्यावर भेंडी चिरणाऱ्या बाईचं समाधान असतं. तुझ्या वहीतली एक गोष्ट मात्र मी कधी कापली नाही. पात्र बोलता बोलता किंचित थांबतं, तिथं बाकीचे लेखक कंसात 'थांबतो' असं लिहितात. तू ओळ सोडून मधोमध 'स्वल्प' असं लिहायचास. पहिल्यांदा ते पाहिल्यावर मी विचारलं, हे काय? म्हणालास, "तुझा स्वल्पविराम आणि आमचं कन्नड स्वल्प, दोन्ही एकच की. थोडंसंच थांबायचं. जास्त थांबायला सांगितलं तर नट झोपतोय." पुढे पुढे मला सवयच लागली. दहा जणांची पानं समोर ठेवली तरी तुझं पान मी त्या स्वल्पांवरून ओळखायची, आणि या ओळखण्याचा मला फार अभिमान होता.

आपलं भांडण कायम एकाच गोष्टीवरून. मनातलं पात्रानं तोंडानं बोलून दाखवावं की नाही. तुझं म्हणणं, आपल्याकडची माणसं बोलत नाहीत. रागावलेला बाप मुलाला ताटात जास्तीची पोळी वाढतो, आणि तेच त्याचं बोलणं. माझं म्हणणं, दरवेळी पोळी वाढून भागत नाही, कधीतरी शब्द लागतात. हा वाद आपण सुरक्षिततेच्या माहितीपटातही घातला होता, जिथं पात्रं फक्त हेल्मेट घाला एवढंच म्हणत होती.

सिनेमात तर तो वाद फारच वाढला. गोष्ट तुझीच होती. दत्तोबा आणि यल्लाप्पा, सरकारी कारखान्यातले दोन जुने मित्र. प्रेसवर अपघात होतो, त्यात यल्लाप्पाची बोटं जातात. मशीन चुकून चालू केलं दत्तोबानं, पण चौकशीत तो यल्लाप्पाचाच हलगर्जीपणा होता असं सांगतो. यल्लाप्पाची नोकरीही जाते. वीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, दत्तोबा त्याच्या घरी जातो. तो एकाहत्तरावा सीन, शेवटचा. तुझ्या पहिल्या आराखड्यात दत्तोबा तिथं जाऊन गळका नळ दुरुस्त करतो आणि निघून येतो. मी म्हटलं, लोक दोन तास कशासाठी बसलेत, नळासाठी? त्यानं चूक कबूल केली पाहिजे, तोंडानं. तू म्हणालास, "तो मेला तरी म्हणणार न्हाई, अक्का. आमच्याकडं कुणी म्हटलेलं मी ऐकलं न्हाई." तीन वर्षं तो सीन कोराच राहिला.

मग तुला पहिला झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं राहिलं, जरा जड झालं, एवढंच. डॉक्टरांनी चेंडू दाबायला दिला होता, तो तू शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकलास. वहिनींच्या भाच्यानं तुझ्या फोनवर ते ए.आय. घालून दिलं आणि दोन महिन्यांत तू त्याच्याशी असा बोलायला लागलास की जणू तुम्ही एकाच वर्गात होतात. नावही ठेवलंस, यंत्रण्णा. आपल्या जुन्या सगळ्या पटकथा त्याला वाचायला दिल्यास. तू सांगायचास, तो टाइप करायचा. तू म्हणायचास, "आता हे दत्तोबाच्या बायकोच्या बाजूनं सांग बघू," आणि तो सांगायचा. माझी टाइप करण्याची गरज संपली. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, पण मला ते लागलं होतं.

त्यात ती स्वल्पची गंमत झाली. तू जुन्या वहीतल्या पानांचे फोटो त्याला दिलेस आणि नीट टाइप करून दे म्हणालास. आलेल्या पटकथेत, अपघाताआधीच्या एका सीनमध्ये, दत्तोबा आणि यल्लाप्पाबरोबर घरात एक तिसरंच माणूस बसलेलं! मधोमध लिहिलेलं नाव म्हणजे पात्रच, असा त्यानं हिशेब केला होता. पात्रांच्या यादीत रीतसर नोंद होती: स्वल्प, वय अंदाजे तीस, घरातली मुलगी, मितभाषी. पुढच्या पानावर तिला वाक्यसुद्धा दिलं होतं. "तुम्ही बोला, मी आहे इथंच." आपण दर्शिनीत इतके हसलो की काउंटरवरच्या माणसानं काय झालं म्हणून विचारलं. तू त्याला कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलंस, आणि त्याला काडीचंही हसू आलं नाही. नंतर तू यंत्रण्णाला ताकीद दिलीस, यापुढं माझ्या लिखाणात स्वल्प दिसलं की गाळायचं, पात्र करायचं नाही. तो बरं म्हणाला. आपण ते विसरून गेलो.

मी यंत्राच्या विरोधात होते, हे तुला माहीत आहे. ते वाईट लिहितं असं माझं म्हणणं नव्हतं. ते स्वतःचं काहीच न गमावता लिहितं, असं काहीसं मी बोलले होते, जरा भाषण केल्यासारखं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "अक्का, तुला दोन हात हायत. तू तत्त्व सांभाळ, मी सीन सांभाळतो." यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. तू ते मनावर घेतलं नाहीस, निदान तसं दाखवलं नाहीस.

त्यानंतर महिन्याभरात तू मला बसस्टँडचा सीन दिलास. दत्तोबा यल्लाप्पाच्या गावाची बस दोनदा सोडून देतो, तो. मी वाचला आणि तुला म्हटलं, "हे बघ परशा, हे फक्त तूच लिहू शकतोस. तुझा यंत्रण्णा सात जन्म घेऊनही असं लिहिणार नाही." तू कॉफी पूर्ण संपवलीस, तोंड पुसलंस आणि सांगितलंस की सीन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यानंच लिहिला आहे. तू फक्त नंतर भाच्याकडून दोन ठिकाणी स्वल्प घालून घेतले होतेस, माझ्यासाठी. तू हसत होतास. मी पर्स उचलली आणि मेट्रो पकडली. पंधरा दिवस तुला फोन केला नाही. लोकांना वाटलं, मला यंत्राचा राग आला. मला तुझं लिखाण ओळखणाऱ्या माझ्या कानांचा राग आला होता.

म्हणून पुढच्या वेळी मी तयार होते. रिंग रोडवर बस तासभर एका जागी उभी होती, तेव्हा तुझा मेसेज आला. एकाहत्तरावा सीन, टाइप केलेला. दत्तोबा येतो. यल्लाप्पा दार उघडतो, आत जाऊन बसतो. नळ गळत असतो, दत्तोबा तिकडं बघतसुद्धा नाही. म्हणतो, "त्या दिवशी प्रेस मी चालू केली. नाव तुझं सांगितलं. माझं चुकलं." यल्लाप्पा त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "चहा घेतोस?" संपलं.

मी तिथूनच फोन लावला. "यंत्रण्णाचा ना?" म्हटलं. तू विचारलंस, "कशावरून?" मी एकेक मुद्दा सांगितला. सगळं ताटात वाढून दिलंय. कुणी कुठं थांबत नाही. आणि तुझा दत्तोबा मेला तरी 'माझं चुकलं' म्हणणार नाही, हे तूच मला तीन वर्षं ऐकवलंस. "या वेळी पकडला की नाही?" मी म्हटलं. मला फार बरं वाटत होतं. तू म्हणालास, "सरी," म्हणजे बरं. मग विचारलंस, "जेवलीस काय?" मी म्हटलं, बसमध्ये कुठून जेवू. फोन ठेवला. आठ दिवसांनी तुला दुसरा झटका आला. आपलं शेवटचं बोलणं तेवढंच.

तेराव्याला जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून दोनशे पानी वही काढून दिली. मला वाटलं, जुनी असेल. उघडली तर अक्षर ओळखू येईना. पहिलीतल्या पोरानं काढावं तसं वेडंवाकडं, ओळी उजवीकडे खाली घसरलेल्या. एकाच सीनचे किती खर्डे ते मी मोजले नाहीत. एकात दत्तोबा नळाला हात लावतो, ते खोडलेलं. एकात तो दारातूनच परत फिरतो, तेही खोडलेलं. शेवटच्या खर्ड्यातले शब्द मी बसमध्ये वाचले होते तेच. फक्त त्यात जागोजागी स्वल्प होते. 'माझं' एका ओळीवर, मधे स्वल्प, खालच्या ओळीवर 'चुकलं'. फोटो काढून टाइप करायला दिल्यावर यंत्रण्णानं तुझी ताकीद पाळून ते सगळे गाळले होते. तू तपासून पाहिलं नसशील. किंवा पाहिलं असशील आणि अक्काला कळेल म्हणून तसंच पाठवलं असशील.

वहिनी म्हणाल्या, "दीड महिना हेच चालू होतं बघा. दूध आलं की बसायचे, डाव्या हातानं. मी म्हटलं, त्या फोनला सांगा की, ते लिहितंय. तर म्हणाले, हे अक्काला पाहिजेल होतं, हे त्याला सांगून व्हायचं न्हाई."

मी विचारलं, "मग मी मशीनचं म्हटलं तेव्हा ते बोलले का नाहीत?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, वही दाखवून पटवायची पाळी आली म्हणजे सीन पडला. तू गप बस." वहिनींनी कपाट लावलं. "तुमच्यावर रागावले नव्हते हं. जेवले दोन वेळा व्यवस्थित."

मला वाईट वाटलं, परशा. याहून वेगळा शब्द शोधत बसत नाही. चौदा वर्षं मी तुला सांगत होते की माणसांनी कधीतरी सरळ बोलावं, आणि तू बोललास तेव्हा मी म्हटलं, हे माणसाचं वाटत नाही. तू तुझी हट्टानं धरलेली बाजू सोडून माझ्या बाजूनं लिहिलंस. एवढं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि मी ते बसच्या खिडकीशी बसून, स्वतःवर खूश होत, परत पाठवलं. तू लिहिलंस याचा आनंद मला आता होतो आहे. तो सांगायला तू नाहीस, म्हणून कागदावर सांगते आहे.

यापुढचं तुझ्या मनाविरुद्ध झालं, तेही ऐक. गेल्या आठवड्यात सिनेमाच्या कंपनीकडून फॉर्म आला. हल्ली सगळीकडे मागतात, प्रत्येक सीनपुढं लिहायचं: माणसाचा, यंत्राचा, की दोघांचा. बसस्टँडच्या सीनपुढं मी खरं ते लिहिलं. तू हसला असतास. एकाहत्तरपुढं लिहिलं, माणसाचा. दोन दिवसांनी पत्र आलं की त्यांच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरनं त्या सीनवर लाल खूण केली आहे, बहुधा यंत्राचा. म्हणजे माझं आणि त्या सॉफ्टवेअरचं एकमत झालं होतं. शेवटचा सीन यंत्राचा ठरला, तर करारातल्या कलमानुसार पटकथाकार म्हणून तुझं नाव जाणार नव्हतं. 'कल्पना-साहाय्य' अशा काहीतरी बारीक अक्षरांत जाणार होतं. पुरावा असल्यास सादर करावा, असंही त्यांनी लिहिलं होतं.

पुरावा माझ्या टेबलावर होता आणि तो दाखवायचा नाही असं तू सांगून गेला होतास. मी दोन दिवस विचार केला. तुझं म्हणणं मला पटतं. लेखक म्हणून मीही तेच म्हटलं असतं. पण माझ्यासमोर गप्प बसणं तुला परवडलं, कारण तुला वाटत होतं मला कधीतरी कळेल. या लोकांना कधीच कळणार नाही, आणि त्यांची त्यात काही चूकही नाही. जिला कळायला हवं होतं तिलाच कळलं नाही. मी वही पिशवीत घातली आणि कोरमंगलाला कंपनीच्या ऑफिसात गेले. सीन पडला असं तुला म्हणायचं असेल तर म्हण. या वादात मी तुझं ऐकलं नाही.

निमिषा नावाची मुलगी हे काम बघते, तिशीची असेल, केरळची. माझ्याशी हिंदीत बोलते. तिला मराठी वाचता येत नाही. तिनं वहीची पानं उलटली, खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सर लेफ्टी थे क्या?" मी नाही म्हटलं. उजवा हात गेल्याचं सांगितलं. तिनं दोन पानांचे फोटो काढले, संगणकावर काहीतरी केलं आणि लाल खूण गेली. तू पटकथाकार झालास. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

मी वही परत पिशवीत ठेवत होते, तेव्हा तिनं विचारलं, "मॅम, लास्ट में वो बोलता क्या है?"

मी म्हटलं, "मेरी गलती थी. बस इतना."

"मराठी में कैसे बोलते हैं?"

मी आयुष्यात हे कुणाला मोठ्यानं म्हटलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि तुला तर नाहीच. तिचं लक्ष माझ्याकडे होतं आणि ती वाट बघत होती.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. 'झ' तिला नीट येईना. मग ती संगणकाकडे वळली आणि तिनं पुढच्या सिनेमाची फाइल उघडली.